चौथा खिळा

स्वतःच्या शेताचा धुरा फोडायची मजुरी मिळते, असं चंपतरावाला आधी कोणी सांगितलं असतं, तर त्यानं सांगणाऱ्याला मोहाच्या सावलीत बसवून पाणी पाजलं असतं. ऊन लागलंय बिचाऱ्याला, म्हणाला असता. आणि आता तो स्वतःच वैशाखाच्या उन्हात टिकास घेऊन धुऱ्यावर उभा होता. हा धुरा म्हणजे मातीचा बांध, त्याच्या बापानं, बापूजीनं, उभ्या जन्मात ढेकळावर ढेकूळ ठेवून उंच केलेला. टिकास मारलं की माती जरा दम धरायची आणि मग भसकन वावरात बसायची. वच्छला, त्याची बायको, घमेल्यानं ती पसरवत होती.

"सारखी पसरव वं. खोलगट राह्यलं तं पानी साचन."

"साचू द्या ना," वच्छला कपाळावरचा घाम मनगटानं पुसत म्हणाली. "पेरायचं तं गवतच हाय."

चंपतरावानं टिकास पुन्हा उचललं.

आणीबाणी उठली त्याच्या आगेमागेच रानपिपळा हे गावही उठलं. जंगलाच्या पोटातलं लहानसं गाव. सरकारनं ठरवलं की इथं आता जनावरांनी राहायचं आणि माणसांनी कुही तालुक्याकडे जायचं. तिकडे बदली जमीन मिळाली, आणि खोटं कशाला बोला, जमीन चांगली होती, धानाची होती. चंपतरावाचा धाकटा भाऊ नानाजी तिकडे गेला आणि रुळला. चंपतराव मात्र ज्वारी-तुरीचा माणूस. एक पावसाळा त्यानं कसाबसा काढला. पोटरीभर चिखलात वाकून त्यानं लावलेली धानाची रोपं दुसऱ्या दिवशी पाण्यावर तरंगायची आणि रोवणीच्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. पायाच्या बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या. दिवाळी होताच सगळं नानाजीवर टाकून तो बायकोला आणि म्हाताऱ्या आईला, भागीरथाबाईला, घेऊन परत आला आणि जंगलखात्याच्या चौकीवर मजूर म्हणून उभा राहिला.

चौकीवरचा रेंजर तरुण होता. नागपुरात रामदासपेठेत वाढलेला, मनानं चांगला, फक्त बोलताना सारखं घड्याळ बघायचा. त्यानं चंपतरावाला त्याच्याच वावराच्या तुकड्यावर कामाला लावलं.

"हे बघा चंपतराव. इथं शेती होती हे जमिनीला विसरायला लावायचं. गवत वाढवायचं. चितळं येऊन चरायला लागली की तुमचा तुकडा पास. मग तुम्हाला मी कायमचा चौकीदार करून घेतो. जन्मभर इथंच राहा."

"आन न्हाई आले तं?"

"होळीपर्यंत वाट बघू. नाही आली तर वरून हुकूम आहे, साग लावायचा. मग इथं मजुराचं काम नाही."

एवढंच होतं सगळं. इथं राहायचं तर वावर जनावरांच्या हवाली करायचं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. चंपतरावानं मान डोलावली, कारण दुसरं काय करायचं ते त्याला ठाऊक नव्हतं.

राहायला झोपडी हवी होती. रेंजर म्हणाला, चौकीजवळ बांधा. पण भागीरथाबाई ऐकेना. वावराच्या नाल्याकडच्या अंगाला, जिथं पूर्वी जागलीच्या दिवसांत, रात्री पीक राखायला, तिघं मिळून राहायची, तिथंच तिनं काठी रोवली. "इथंच," म्हणाली. चूल कुठं मांडायची हेही तिनंच दाखवलं, जुन्या तीन दगडांच्या जागी. वच्छलेला ती जागा वाऱ्याच्या तोंडावर वाटली, धूर सगळा झोपडीत यायचा. पण सासूपुढं बोलणार कोण?

मृगात गवताचं बी फेकलं. पवन्या, मारवेल, आणि ज्याचं नाव घेतलं तरी कुणब्याच्या कपाळाला आठी पडावी तो कुंदासुद्धा आपला आपण वर आला. श्रावणापर्यंत वावर हिरवंगार झालं, आणि तिथं या घराकडून एक चूक झाली.

चूक म्हणजे काय, तिघंही रिकामी बसली होती. पाऊस उघडला होता. भागीरथाबाई खुरपं घेऊन सहज वावरात उतरली, तिच्या मागं वच्छला, आणि दोन बाया कामाला लागलेल्या बघून चंपतरावही शेजारच्या ओळीला बसला. ओळ कसली, गवताला ओळ नसते, पण त्यांच्या डोळ्यांना दिसली. हात आपले चालू लागले. दुपारपर्यंत त्यांनी निम्मं वावर असं निंदून काढलं की जमीन तळहातासारखी स्वच्छ दिसायला लागली. गाव उठायच्या आधीच्या पिकाचं सांडलेलं ज्वारीचं दाणं कुठं कुठं उगवलं होतं, तेवढं मात्र जपून ठेवलं होतं. भागीरथाबाईनं त्यांना मातीची भरसुद्धा दिली.

रेंजर छत्री घेऊन आला आणि धुऱ्याच्या जागी उभा राहिला.

"अहो, हेच पेरलं होतं ना आपण?" त्याचा आवाज रडवेला झाला. "हेच! हेच उपटलं तुम्ही?"

चंपतरावानं हातातल्या कुंद्याच्या जुडीकडे पाहिलं. मग मागच्या ढिगाकडे. त्याला पोटातून लाज आली. गवत उपटल्याची नव्हे, तर असं तरणं पोर वर उभं आहे आणि आपण बायकोसमोर, आईसमोर उकिडवे बसलो आहोत, याची. "चुकलं सायेब," तो म्हणाला. भागीरथाबाई मात्र खुरपं झटकत उठली. "कुंदा ठेवाले का आमी आळशी हाओत? लोक काय म्हनतीन?"

"कोणते लोक, आजी? कोणी नाही आता इथं."

भागीरथाबाईनं चहूकडे नजर फिरवली. उजाड गावाकडे, जिथं भिंतींवर भोपळ्याचे वेल चढले होते.

मग उपटलेलं सगळं गवत ठोंब ठोंब करून पुन्हा लावावं लागलं. चिखलात, वाकून, हातानं. "घ्या," वच्छला म्हणाली, "रोवणीले भेऊन पळाले कुहीहून, आन रोवणी इथंच आली तुमच्या मांगं." चंपतरावाला हसू आलं आणि कंबरेतून कळही आली. गवत मात्र जगलं. कुंदा तर असा माजला की जसं काही झालंच नाही.

दिवाळी गेली. आसपासच्या सगळ्या जुन्या वावरांत चितळं उतरू लागली. सकाळी बघावं तर गवत दातांनी कातरलेलं, जागोजाग लेंड्या, रोह्यांचे, म्हणजे नीलगाईंचे, मोठे खूर उमटलेले. फक्त चंपतरावाचा तुकडा तसाच उभा. गवत कमरेएवढं, पिकून पिवळं पडलं, त्याला कोणी तोंड लावेना. चंपतरावानं एका सकाळी जाऊन पाहिलं. चितळांचे खूर जिथं धुरा होता तिथवर आलेले. तिथं माती तुडवली गेली होती, म्हणजे बराच वेळ उभी होती. आणि तिथूनच मागं वळलेली.

ते बघून त्याची छाती एकदम भरून आली. बापूजीच्या वावरात पाय ठेवायची हिंमत नाही अजून! पण हिंमत नाही म्हणजे चौकीदारी नाही, आणि चौकीदारी नाही म्हणजे कुही, चिखल, आणि त्या हसणाऱ्या बाया. तो तिथंच उभा राहिला. आनंद मानावा की डोक्याला हात लावावा, हे त्याचं त्यालाच कळेना.

घरी येऊन त्यानं आईला सांगितलं. भागीरथाबाई चुलीपाशी अंबाडीची पानं निवडत होती.

"येतीन कसे?" ती वर न बघता म्हणाली. "शेत बांधलेलं हाय."

"काय म्हनतं माय?"

"तुहं लगन झालं त्या साली. चितळाईनं आन डुकराईनं सारी ज्वारी झोपोली होती. तुह्या बापूजीनं नत्थू भुमकाले बोलावलं. वखराची जुनी लोखंडी पास मोडून चार खिळे केले लोहाराकडून. चार कोन्याले गाडले. कोंबडा देल्ला. मंग कुठी आलं जनावर?"

नत्थू भुमक म्हणजे रानपिपळ्याच्या गोंडटोल्यातला पुजारी. कुठल्या जनावराला कुठं थांबवायचं, हे त्याचं काम. तो मरून बरीच वर्षं झाली. चंपतरावाला खिळ्यांचं अंधुक आठवलं, पण त्या वर्षी नवी नवरी घरात आलेली. त्याचं लक्ष खिळ्यांकडे कशाला असेल?

त्याचा विश्वास होता का? विचारलं असतं तर नाही म्हणाला असता. पण जागलीचे दिवसही त्याला आठवत होते. माळ्यावर, म्हणजे मचाणावर, बसून गोफण फिरवायची, घसा फुटेस्तोवर ओरडायचं, डबा बडवायचा. खिळे गाडले तरी ओरडणं काही थांबलं नव्हतं. मग जनावर थांबलं ते खिळ्यानं की ओरडण्यानं? इतक्या वर्षांत हा प्रश्न पडला नव्हता, तो आता पडला, आणि नको तेव्हा पडला.

दुसऱ्या दिवशी त्यानं टिकास घेतलं. तीन कोपऱ्यांत तीन खिळे निघाले. गंजून काळे, बोटभर जाड. हातात घेतल्यावर जड लागले. चौथा नाल्याकडच्या कोपऱ्यात असायला हवा होता, पण तो कोपरा तर पुरानं कधीच कापून नेलेला. चंपतरावानं तिथं खणलं, वर खणलं, खाली खणलं. हाताला फोड आले. भागीरथाबाई झोपडीच्या दारात बसून बघत होती.

"माय, चौथा कुठी हाय?"

"मले काय मालूम," ती म्हणाली.

ती खोटं बोलते आहे हे चंपतरावाला कळत होतं, कारण ती खोटं बोलली की नाकातली फुली चाचपायची. पण का खोटं बोलते, हे कळत नव्हतं. ते कळलं नानाजी आला तेव्हा.

नानाजी संक्रांतीला तांदळाचं बोचकं घेऊन आला. अंगानं भरला होता. पायात बूट होते. चुलीपाशी बसून त्यानं चून-भाकर खाल्ली, आईनं वाढली तेवढी, आणि हात धुता धुता म्हणाला,

"दादा, तुहं वावर न्हाई म्हने लागलं जनावराले?"

"न्हाई लागलं."

"नोको लागू देऊ गा. आमच्याकडं बोलतात लोक, ज्या वावरात जनावर न्हाई येत, थे जमीन सरकार वापस करून राह्यलं."

"कोन बोलते?"

"सारेच बोलतात."

भागीरथाबाई खाली बघून भाकरी थापत होती. तिची थाप जरा जोरात पडली. चंपतरावाला समजलं. हे बोलणं तिच्या कानावर पूर्वीच कुणाकडून तरी आलेलं होतं. तिचा चौथा खिळा म्हणजे तिचं वावर होतं. खिळा आहे तोवर वावर आहे.

नानाजी गेला, पण त्याचं बोलणं राहिलं. चंपतरावानं खणणं थांबवलं. वापस! हा शब्द त्याच्या डोक्यात घाण्याच्या बैलासारखा फिरायला लागला. सकाळी तो धुऱ्याच्या जागेवर जाऊन बघायचा आणि खूर आत नाहीत हे बघून हायसं वाटायचं. दुपारी रेंजर विचारायचा, "आली का?" आणि "न्हाई सायेब" म्हणताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. वच्छला वैतागली. "तुमाले पायजे तरी काय?" तिनं विचारलं. "येक काय ते धरा ना." त्याला ते धरता येत असतं तर त्यानं कधीच धरलं असतं.

शेवटी एका सकाळी वावरात चार अनोळखी माणसं दिसली. साग लावणाऱ्या ठेकेदाराची. दोरी लावून, ओळीनं, चुन्याची फक्की टाकत होती. एका ठिकाणी खड्डाही घेतला होता. चंपतराव धावतच चौकीवर गेला.

"सायेब, होळी तं दूर हाय अजून!"

"आखणी तर करून ठेवायला हवी," रेंजर म्हणाला, आणि या खेपेला त्यानं घड्याळ बघितलं नाही. "मलाही आवडत नाहीये, चंपतराव."

चंपतरावानं हात जोडले. विचारू की नको असं करत विचारलंच. "जनावर न्हाई आलं तं जमीन वापस देतात म्हने?"

रेंजर त्याच्याकडे बघतच राहिला. त्याला हसू आलं नाही, हे त्याचं चांगलं. "वापस? कोणी सांगितलं? गाव उठलं ते उठलं, चंपतराव. जनावर आलं तर गवत, नाही आलं तर साग. तिसरं काही नाही."

चंपतराव परतीच्या वाटेवर पळसाखाली बसला. पळसाला कळ्या धरल्या होत्या. त्याला वाटलं होतं हे ऐकून आपण रडू. पण रडू आलं नाही. उलट अंग हलकं झालं, आणि त्या हलकेपणाचीच त्याला भीती वाटली.

झोपडीत आल्यावर त्यानं आईला सगळं सांगितलं. भागीरथाबाई चुलीपुढं पाय पसरून बसली होती. ऐकून घेतलं. फुलीला हात लावला नाही.

"साग लावतीन म्हंतं?"

"हो."

"बापूजीच्या वावरात? लाकडं?"

"हो माय."

"त्याले फळ न्हाई, दाना न्हाई. चितळ त्याचा पाला खाते?"

"न्हाई खात."

ती बाहेरच्या पिवळ्या गवताकडे बघत राहिली. गाल आत ओढलेले, ओठ चालू, जसं काही तोंडात आहे आणि चावत नाही.

"वावर होय थे," ती शेवटी म्हणाली. "आपन न्हाई तं न्हाई. कोनी तं खाल्लं पायजे तिथं." मग सुनेकडे वळली. "वच्छले, चूल फोड वं."

वच्छलेच्या हातातला तवा तसाच राहिला. "चूल? काहून?"

"फोड म्हंतलं ना."

आणि मग चंपतरावाला एकदम उमगलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! कोपरा पुरानं नेणार हे ओळखून नत्थू भुमकानं चौथा खिळा जागलीच्या चुलीखाली ठोकला होता. गेलं वर्षभर वच्छला त्यावर भाकऱ्या भाजत होती, आणि आपण नाल्यात खड्डे खणत होतो.

जळती चूल मोडायची नसते. वच्छलेनं निखारे खापरात काढले, वर राख पांघरली, चुलीला हळदीचं बोट लावलं आणि नमस्कार केला. तिचे डोळे भरून आले होते. या चुलीचा धूर तिला कधी आवडला नव्हता, तरी भरून आले. चंपतरावानं दगड हलवले. भाजलेली लाल माती, तिच्याखाली काळी, आणि हातभर खोल गेल्यावर खिळा. आधीच्या तिन्हींपेक्षा हा चांगला राहिला होता. ऊब लागून लागून गंजलाच नव्हता.

त्यानं हात घातला, तसं भागीरथाबाईनं त्याचं मनगट धरलं. "मले काढू दे," म्हणाली. तिनं तो दोन्ही हातांनी हलवून हलवून काढला. नातू खेळवावा तसा पदरात घेतला. मग कणगीतल्या ज्वारीची मूठ भरून ती धुऱ्याच्या जागी गेली आणि जंगलाकडे तोंड करून उभी राहिली.

"या बाप्पा," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, दारात आलेल्या पाहुण्याला म्हणावं तेवढाच. "या, जेवाले या. लई साल उपाशी वापस पाठोलं तुमाले. राग नोका धरू." आणि ज्वारी गवतात फेकली.

चंपतराव इकडे तिकडे बघत होता, चुन्याची माणसं हसत तर नाहीत ना. ती हसत नव्हती. एकानं डोक्याचं फडकं काढलं होतं.

चूलच नाही म्हटल्यावर झोपडीत राहायचं कसं? त्याच दिवशी ताट्या, बोचकी, निखाऱ्यांचं खापर, सगळं उचलून ती चौकीजवळ राहायला गेली. नंतर माघाचा पाऊस पडला. ठेकेदाराच्या चुन्याच्या ओळी वाहून गेल्या. चंपतरावानं जुना माळाही मोडला आणि त्याची लाकडं सरपणाला आणली. पिवळं गवत आडवं झालं आणि त्याच्या बुडातून हिरवे कोंब वर आले. पुढं जे झालं ते रेंजरच्या मते धूर आणि माणसाचा वास हटला म्हणून. भागीरथाबाईच्या मते खिळा निघाला म्हणून. मला विचाराल तर मी चंपतरावासारखाच, मान डोलावीन.

होळीची लाकडं गोळा व्हायला लागली होती तेव्हाची गोष्ट. सकाळी रेंजर धावत आला, बुटाची नाडी सुटलेली. "चंपतराव! चला, चला लवकर!" तिघंही त्याच्यामागं गेली. पळसाआड उभं राहून पाहिलं.

वावर चितळांनी भरलं होतं. माद्या, पाडसं, मधे शिंगांचा एक मोठा नर. जिथं ज्वारीचं खळं असायचं तिथं, जिथं बापूजी दुपारचा आडवा व्हायचा तिथं, सगळीकडे ठिपकेच ठिपके. कराकरा गवत तोडल्याचा आवाज इथवर येत होता.

"झालं," रेंजर कुजबुजला आणि त्यानं चंपतरावाचा खांदा दाबला. "झालात तुम्ही चौकीदार. आता कुठं जायचं नाही."

चंपतरावाला हेच हवं होतं. वर्षभर याचसाठी त्यानं धुरा फोडला, गवत रोवलं, चूल मोडली. त्यानं हो म्हणायला तोंड उघडलं, आणि तोंडातून आली ती आरोळी.

"हाऽऽऽड! हाऽऽड हाऽऽड!"

माळ्यावरची, बापाकडून घेतलेली आरोळी. त्याचा हात आपोआप वर गेला होता, बोटं गोफणीची दोरी शोधत होती. कळप उधळला. धुऱ्याच्या जागेवरून उड्या मारत जंगलाच्या कडेला गेला. रेंजरचा चेहरा पांढरा पडला. वच्छलेनं नवऱ्याचा दंड घट्ट धरला.

आणि कडेला जाऊन चितळं थांबली. मागं वळून बघितलं. कान हलवले. मग एक म्हातारी मादी पुढं झाली, सावकाश चालत वावरात शिरली आणि मान खाली घालून चरायला लागली. तिच्या मागं दुसरी. मग सगळीच.

चंपतराव पुन्हा ओरडला. या वेळी मनापासून, होतं नव्हतं तेवढं बळ लावून, घसा फाटेपर्यंत. म्हाताऱ्या मादीनं मान वर केली, तोंडातलं गवत चघळत त्याच्याकडे जरा बघितलं, आणि पुन्हा खाली घातली. त्याच्या ओरडण्याला आता कोणी भीत नव्हतं.

भागीरथाबाई त्याच्याजवळ आली. पदराच्या गाठीत खिळा होता, तो तिनं हातानं सारखा केला.

"नोको ओरडू रे चंपत," ती हळूच म्हणाली. "जेवत्या मानसावर कोनी ओरडते काय?"

चंपतरावाचा हात अजून वरच होता. तो त्यानं खाली घेतला, आणि पळसाच्या बुडाशी आईच्या पायापाशी बसला.